पाटीवरची चौथी ओळ

मित्रांनो, गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडून त्याचा पत्रा सपाट केला, तर त्याचं पुढं काय होतं? कुणी त्याचा चुलीला आडोसा करतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला दार करतं. माझ्या नशिबात मात्र अक्षरं होती. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला आत एक गल्ली आहे. तिथल्या एका दुमजली घराच्या फाटकावर लटकणारी मी पाटी. आता वय झालं, एक कोपरा वाकला, तारेनं भोकं मोठी झाली. पण अक्षर अजून ठसठशीत आहे, आणि गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. तेव्हा ऐका.

घर गणपतराव आणि चिमणाबाईंचं. गणपतरावांनी सारी हयात एसटीत काढली. आधी कंडक्टर, मग स्टँडवर कंट्रोलर. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी वरचा मजला चढवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं छोटीशी गॅलरी. मुलगा पुण्याला, तो काही परत यायचा नाही. मग वर भाडेकरू ठेवावा असं दोघांनी ठरवलं, आणि ज्ञानू पेंटरला बोलावणं गेलं.

ज्ञानूनं मला मांडीवर घेऊन रंगवलं. आधी पिवळा हात दिला, दोन दिवस सुकू दिलं, मग तांबड्या रंगात तीन ओळी काढल्या. पहिली, 'जागा भाड्याने देणे आहे'. दुसरी, 'फक्त फॅमिलीसाठी'. तिसऱ्या ओळीत गणपतरावांचा फोन नंबर. खाली बोटभर जागा मोकळी राहिली. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, "काय अक्षर काढलंय रं ज्ञानू!" खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

आठ दिवसांत साखर कारखान्यातल्या एका कारकुनाचं कुटुंब राहायला आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. नऊ वर्षं मी तिथं होते. मला त्याचं दुःख नव्हतं. पाटी बेकार असणं म्हणजे घर भरलेलं असणं, एवढी अक्कल तेलाच्या डब्यालाही असते. वरून पोरांच्या उड्या ऐकू यायच्या, कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आणि मी आपली धूळ खात सुखात होते.

पुढं त्या कुटुंबानं स्वतःचं घर बांधलं. मला खाली काढलं, पुसलं. त्याच संध्याकाळी कट्ट्यावर गल्लीतली चार माणसं जमली आणि गणपतरावांना शहाणपण शिकवू लागली. कुणालाही जागा देऊ नका म्हणे. आलेल्याचं आडनाव बघा, जात बघा, धर्म बघा. गणपतराव मनानं वाईट नाहीत हो, पण भिडस्त भारी. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नको म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. मग कुणीतरी तोडगा काढला. "तुमी कशाला म्हणतायसा नको? पाटीच म्हणू दे की!"

दुसऱ्या दिवशी ज्ञानू परत आला. त्या बोटभर मोकळ्या जागेत चौथी ओळ लिहायची होती. 'फक्त शाकाहारी.' ते ऐकून ज्ञानूच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"गणपतराव, बुधवारी तुमच्या दारावरनं सायकल नेताना माझ्या तोंडाला पाणी सुटतंय. आणि हितं शाकाहारी लिहू व्हय?"

"तू लिही की. लोकास्नी कळतंय त्येचा अर्थ."

"कळतंय, म्हणूनच इचारलं," ज्ञानू म्हणाला. पण पोटासाठी माणूस काय काय लिहितो. त्यानं लिहिलं.

मित्रांनो, त्या घरात बुधवार आणि रविवार मटणाशिवाय गेलेला मी पाहिलेला नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर तर्री अशी की बोट बुडवलं तर रंग जायला दोन दिवस लागावेत. आणि त्या घराच्या फाटकावर मी अंगावर 'फक्त शाकाहारी' मिरवत उभी! लाजेनं माझा पत्रा उन्हाआधीच तापायचा.

देवाच्या घरी न्याय असतो म्हणतात, तो इथं लवकर झाला. खरोखरचं शाकाहारी कुटुंब आलं. गळ्यात माळ असलेले एक शाळामास्तर, त्यांची बायको, सासूबाई. जागा पसंत पडली, बोलणी ठरली, सामानही आलं. मंगळवार बरा गेला. बुधवारी दुपारी खालच्या पातेल्याचा वास जिन्यानं वर गेला, आणि सासूबाई नाकाला पदर लावून खाली आल्या. "पाटीवर लिवलंय काय आणि शिजतंय काय!" शनिवारी टेम्पो आला आणि गेला. गल्ली हसली. चिमणाबाईंनी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. पण चौथी ओळ काही पुसली नाही. वरचा मजला सहा महिने रिकामा राहिला.

आणि मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते तिघं आले.

नवरा तिशी ओलांडलेला, बायकोच्या हातात डब्याची पिशवी, आणि आठेक वर्षांची मुलगी. चालून चालून तिच्या सॅंडलवर धूळ बसली होती. त्याचं नाव वसीम नदाफ. मूळचा गडहिंग्लजचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याला मशीन ऑपरेटरची नोकरी लागली होती, आणि तो आमच्या पलीकडच्या गल्लीत पाच पोरांबरोबर एका खोलीत कॉटवर राहत होता. बायको नुजहत आणि मुलगी कशिश गावाकडं. दर रविवारी दोघी पहिल्या एसटीनं यायच्या आणि तिघं मिळून जागा शोधायची. परवडेल त्या भाड्यात बायकामुलांसह राहता येईल अशी जागा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की तिघंही दमले होते आणि अजून जेवले नव्हते.

कशिश माझ्यासमोर उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. तिसरीतली पोर, अक्षरावर बोट ठेवून वाचणारी. पहिल्या ओळीला तिचा चेहरा फुलला. दुसऱ्या ओळीला ती आईकडं बघून हसली. चौथ्या ओळीशी आल्यावर वसीम म्हणाला, "चल बेटा. ही आपली न्हवं."

ती हलली नाही. नाक वर करून म्हणाली, "पण अब्बा, आत मटण शिजतंय की! खोबरं भाजलंय. अम्मी करती तसंच."

चिमणाबाई पळी हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "लई शानी हाय की गं तू! या, या आत. उन्हाचं उभारू नका. पाणी तर प्या."

तिघं ओट्यावर टेकले. पाणी आलं, गूळ आला. मला वाटलं, चला, आज सुटले मी! तेवढ्यात गणपतराव बाहेर आले. "पावणं कुठलं?"

"गडहिंग्लजचं."

"अरे वा, मी होतो की तिथल्या डेपोत दोन वर्षं! आडनाव काय म्हणायचं?"

वसीमनं सांगितलं. गणपतरावांनी एकदा गल्लीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाले, "जागा परवाच गेली की हो. पाटी काढायची तेवढी राहिलीया बघा." आणि खोटं खरं वाटावं म्हणून त्यांनी तिघांच्या देखत तार सोडून मला फाटकावरून उतरवलं.

मी ओरडून सांगितलं असतं. पत्र्याला तोंड नसतं. चिमणाबाईंना तर होतं, पण त्याही पळीकडं बघत राहिल्या. नुजहतनं पेला उपडा करून ठेवला, पिशवी उचलली, आणि तिघं निघून गेले.

मला सोप्यात खिडकीखाली, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. आता गंमत ऐका. एमआयडीसीची बस रोज सकाळी आमच्याच कोपऱ्यावर थांबायची, आणि वसीम रोज तिथं उभा असायचा. गणपतराव दिसले की मान लववून म्हणायचा, "बरं हाय का काका?" बस्स, एवढंच. गणपतराव पूर्वी सकाळी कट्ट्यावर बसून पेपर वाचायचे. ते आता आत बसू लागले. "गेली का गं बस?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. दूध आणायला मागल्या बोळानं जायचे. महिना गेला. वरच्या मजल्याला कुणी विचारायला येईना, कारण मी फाटकावर नव्हते. गल्लीतला एकजण म्हणाला, "पाटी लावा की परत." गणपतराव त्याच्यावरच उखडले. "कशी लावू? ते पोरगं रोज हितं उभारतंय!"

खोटं बोलायला एक क्षण लागला होता, ते सांभाळायला मात्र माणूस घरात कैदी झाला.

मग एका शनिवारी सकाळी चिमणाबाई अंगण झाडत होत्या. वसीम आला तो खांद्याला मोठी बॅग अडकवून.

"आज एवढी मोठी पिशवी? सुट्टी हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय मावशी. सोडून चाललो. सोमवारपासनं येत न्हाय म्हणून सायबाला सांगितलंय."

"अगं बया! चांगली नोकरी की रं."

"चांगलीच हाय. पण तीन महिने झाले, जागा मिळंना. आकरा घरं बघितली. काहींचं भाडं झेपंना, बाकीच्यांस्नी आमचं नाव झेपंना. पोरगी आता फोनवर बोलत बी न्हाय माझ्यासंगं, रुसलीया. बायको म्हणती, गावात कमी पगारावर राहू, पर एका ताटात जेवू." मग वर बघून अगदी सहज म्हणाला, "मावशी, वरच्या खिडक्यांवर लई धूळ बसलीया. भाडेकरू आल्यावर पुसून घ्या."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! ठाऊक असून तो रोज मान लववून बरं हाय का म्हणत होता. रिक्षा आली, तो बसला आणि गेला. चिमणाबाईंच्या हातातला खराटा खाली पडला.

त्या आत आल्या त्या वादळासारख्या. गणपतराव चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. "बस गेली का गं?"

"गेली! पोरगं बी गेलं! नोकरी सोडून गेलं!" आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला तो काय विचारता. "अवो, तुमची बदली झाली तवा मलकापुरात ट्रंकंवर बसून दीड दिस काढलाय मी रस्त्याकडंला, पोटुशी असताना. इसरलासा? दार उघडायचं कुणी, तर हितं जागा न्हाय म्हणायचं. ती बाईमाणसं पाणी पिऊन माझ्या दारातनं उपाशी गेली, आणि मी गप बसले. मला बी लाज वाटाय पायजे!" त्या खरोखरच रडत होत्या.

गणपतराव हळूच म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं सांगू त्याला?"

"तोंड नसंल तर ही दावा!" चिमणाबाईंनी मला उचललं, चुलीपाशी नेलं आणि उलथन्यानं माझी चौथी ओळ खरवडायला घेतली. मित्रांनो, दुखलं. ज्ञानूचा रंग पक्का असतो. पण खाजेवर नख लागल्यावर जसं वाटतं, तसंही काहीतरी वाटलं. तांबड्या रंगाचे कपचे जमिनीवर पडले आणि खालचा पांढरा पत्रा उघडा झाला. जन्मात पहिल्यांदा मी रिक्षात बसले, गणपतरावांच्या मांडीवर.

वाटेत ते रिक्षावाल्याला म्हणत होते, "गडहिंग्लजची लागली असंल आता. पर ड्रायव्हर च्या घेतल्याबिगर हलायचा न्हाय. मार तू." सारं आयुष्य त्या स्टँडवर गेलेलं, त्यांचा अंदाज कसा चुकेल? चुकला. आम्ही पोचलो तेव्हा बस फलाटावरून मागं येत होती. साठी उलटलेला माणूस मला छातीशी धरून धावला. बसच्या अंगावर थाडथाड थापा मारल्या. "थांबीव रं! थांबीव!" कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "आरं, गणपतराव काका!" बस थांबली.

खिडकीपाशी वसीम दिसला. गणपतरावांना दम लागला होता, शब्द फुटेना. त्यांनी मला दोन्ही हातांनी वर धरलं.

साऱ्या बसनं मला वाचलं. मागच्या सीटवरून एकानं विचारलंही, "काका, भाडं किती हाय?"

"तुमास्नी न्हाय! ह्या एका पावण्याला हाय!" गणपतराव ओरडले. मग आवाज खाली आला, पण बस गप्प झाली होती, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "जागा गेली न्हवती. तुझं नाव ऐकलं आणि खोटं बोललो. चुकलं माझं."

मला वाटलं, आता वसीम उडी मारून खाली येणार. तो आला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चौथ्या ओळीच्या ओरखड्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "काका, एवढं बसमधी बोललासा. गल्लीत बी बोलशीला?"

मित्रांनो, गणपतरावांनी मला खाली घेऊन काखेत मारलं. "बोलीन," ते म्हणाले.

"मग बायकोला इचारतो. तिला पटलं तर फोन करतो." कंडक्टरनं दोन घंटा दिल्या आणि बस गेली.

दोन दिवस फोन आला नाही. गणपतराव फोन हातात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायचे. मंगळवारी नुजहत एकटीच आली. ती हसली नाही. तिनं नळ सोडून बघितले, पाणी किती वेळ येतं ते विचारलं, खिडक्यांच्या कड्या लावून बघितल्या. भाडं झेपेल एवढं होतं, तरी करार लिहून पाहिजे म्हणाली. चिमणाबाई सगळ्याला "व्हय गं बाई, व्हय" म्हणत होत्या. तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी डोकावलं. "कोण आलंय हो, गणपतराव?"

ओट्यावर गणपतराव उठून उभे राहिले. स्टँडवर गाड्या पुकारताना लावायचे तसा आवाज त्यांनी लावला. "आमचं नवं भाडेकरू. नदाफ. गडहिंग्लजचं. आणखी कुणाला इचारायचं असंल तर ह्या कट्ट्यावर या, मी बसलोय."

कट्ट्यावर कुणी आलं नाही. दोन घरांनी महिनाभर बोलणं टाकलं, हेही सांगून टाकते, कारण मला आता खोटं अंगावर घ्यायचं नाही. नुजहतनं मात्र तिथंच हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "रविवारी येतो आमी." सायबानंही वसीमला परत घेतलं, दोन दिवसांची रजा मांडून.

रविवारी टेम्पो आला. मी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून होते, सारं माझ्यासमोर घडलं. कपाट वर गेलं, गॅस वर गेला, गाद्या वर गेल्या. वसीम घामाघूम, पण शीळ घालत होता. सगळ्यात शेवटी दप्तर घेऊन कशिश वर आली. तिनं उंबऱ्याबाहेर सॅंडल काढले, एकाला एक लावून ठेवले, आणि तिथंच उभी राहिली. आत तिची आई होती, बाप होता, तिची खेळण्यांची पेटी होती. ती आत गेली नाही. मागून येणाऱ्या चिमणाबाईंकडं वळून तिनं विचारलं, "आजी, आत येऊ?"

चिमणाबाई जिन्यावर बसल्या. त्यांनी तिला जवळ ओढलं. "तुझंच हाय की गं बाळा" एवढं म्हणाल्या आणि पदर तोंडात धरला.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. उद्या तुमचीही घरं होतील, फाटकं होतील, आणि फाटकावर लावायला पाट्या होतील. माझी एवढीच विनवणी आहे. जे माणसाच्या तोंडावर बोलायची तुम्हाला लाज वाटेल, ते आमच्या अंगावर लिहू नका. मोठी माणसं आम्हाला वाचून पुढं जातात, पण पोरं मनात धरून ठेवतात. कशिशला वाचायला तिच्या शाळेनं शिकवलं. स्वतःच्याच घराबाहेर थांबायला तिला आम्ही पाट्यांनी शिकवलं.